परिपत्रक सरांची खग्रास सहल

परिपत्रक सरांच्या घरी न्हाणीच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. ‘बादली भरून ठेवणे ही शेवटी वापरणाऱ्याची जबाबदारी राहील.’ घरात माणसं दोन, सर आणि काकू. आदेश कोणाचा आणि कोणावर, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तरी खाली सही, तारीख आणि जावक क्रमांक. काकू त्या कागदावर ओला टॉवेल टाकायच्या. दर पावसाळ्यात अक्षरं पुसली जायची आणि दर दिवाळीत सर तोच आदेश नव्या जावक क्रमांकाने काढायचे.

त्यांचं खरं नाव शाळेच्या फळ्यावर होतं, पण ते कोणी घेत नसे. वरवट बकालपासून सायकलच्या अंतरावर आमचं गाव. तिथल्या शाळेत सर विज्ञान शिकवायचे आणि दोन तासांच्या मधल्या वेळात परिपत्रकं काढायचे. मधल्या सुट्टीत चिंचा खाण्याबाबत. खडू मोडण्याबाबत. एकदा ‘शिंक आल्यास करावयाच्या कार्यवाहीबाबत’. शिपाई वर्गावर्गात वही फिरवायचा, मास्तरलोक न वाचता सह्या करायचे आणि आम्ही पोरं पुढची शिंक सर समोर येईपर्यंत राखून ठेवायचो.

शिकवायचे मात्र झकास. ग्रहण शिकवताना वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या. बल्ब म्हणजे सूर्य, लिंबू म्हणजे चंद्र आणि पृथ्वी म्हणजे माझं डोकं, कारण वर्गात मी सगळ्यांत बुटकी. लिंबू बल्बच्या आड आणलं आणि माझ्या एका डोळ्यावर सावली पडली. “काय दिसतं?” सरांनी विचारलं. मी म्हटलं, “लिंबू.” वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, “बरोबर आहे. सूर्य दिसत नाही, लिंबू दिसतं. यात राहू कुठे दिसला? केतू कुठे दिसला? नाही ना? मग तुमच्या घरी ग्रहणाच्या दिवशी पाण्यात तुळशीपत्र कशाला टाकतात?” मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य आलं. “तुमचे मायबाप अडाणी, त्याला इलाज नाही. तुम्ही तरी होऊ नका.”

हे वाक्य मी तीन वर्षं ऐकलं. माझा बाप दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, माय निंदणाला जायची. दोघांनाही सहीपुरतं येत होतं. ते अडाणी होते हे मलाही माहीत होतं. पण ते म्हणायचा हक्क माझा होता, सरांचा नव्हता. पुढे जळगाव जामोदला एस.टी.नं जाऊन-येऊन मी बी.एस्सी. केलं, मग एम.एस्सी. आमच्या घरातली पहिली पदवी ती. आज चिखलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. हे सगळं निम्मं अभ्यासाच्या ओढीनं झालं आणि निम्मं त्या वाक्याच्या रागानं. गुरुऋण म्हणतात ते आमच्या बाबतीत असं होतं.

ग्रहणाबद्दल सरांचं एक मत होतं, ते सर पंगतीच्या भाषेत सांगत. “खंडग्रास म्हणजे मांडवाबाहेर उभं राहून वरणाचा वास घेणं. खग्रास म्हणजे पानावर बसणं. सूर्य नव्व्याण्णव टक्के झाकला तरी तुम्ही बाहेरच.” मग जरा थांबून म्हणायचे, “मी अजून पानावर बसलेलो नाही.” कोणी तरी विचारायचंच, “सर, नव्व्याण्णव साली खग्रास आपल्याच भागावरून गेलं ना? मग?” सर चष्मा काढायचे, पुसायचे आणि दोन शब्द बोलायचे. “ढग होते.” ऑगस्टचा महिना, ढग असणारच. आम्हाला पटायचं.

सेवानिवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात किंवा सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. सरांना सून नव्हती. एक मुलगी, ती पुण्याला कंपनीत. म्हणून त्यांनी ‘खग्रास सूर्यग्रहण दर्शन व शिबिर सहल समिती’ काढली. पुढच्या खग्रास ग्रहणाची सावली भारतात पडणार २०३४ च्या मार्चमध्ये, तीही पार वर, कारगिलच्या बाजूला. सरांनी नियोजन सुरू केलं २०२३ मध्ये. काकू म्हणाल्या, “अकरा वर्षं? पोरीच्या लग्नाले तुम्ही अकरा दिवस देल्ले नव्हते.” सरांनी हे वाक्य इतिवृत्तात घेतलं नाही.

समितीची बैठक दर दुसऱ्या रविवारी गजूभाऊच्या बिछायत केंद्रात. गजूभाऊ सरांचाच जुना विद्यार्थी, चाळिशीचा, लग्नाकार्याला मांडव, गाद्या आणि खुर्च्या भाड्यानं देणारा. आम्ही गोदामात लाल गाद्यांच्या थप्प्यांवर बसून लडाखच्या थंडीची चर्चा करायचो. गजूभाऊ तंबू पुरवणार म्हणून तो उपाध्यक्ष. मी शिकलेली म्हणून सचिव. आणखी चार-पाच जण चहासाठी सभासद. तंबू म्हणजे नक्की काय, यावरच आमच्या तीन बैठका गेल्या.

“सर, तंबू कायले लागते? मी पंधरा बाय तीसचा शामियाना टाकतो. झालर लावतो. गेटवर कमान करतो, सुस्वागतम्.”

“गजानन, आपण ग्रहण पाहायला चाललो आहोत. स्वागत कोणाचं?”

“सूर्याचं,” गजूभाऊ म्हणाला. “पाहुणा तोच हाय ना.”

सरांनी नियमावली केली, एकूण बावीस नियम. नियम चार : ‘शिबिरस्थळी तुळशीपत्र, दर्भ अथवा तत्सम वस्तू आढळल्यास जप्त करण्यात येतील.’ नियम अकरा : ‘खग्रास अवस्थेत किंचाळू नये.’ आणि नियम सात : ‘लागोपाठ तीन बैठकांस अनुपस्थित राहणाऱ्याचे नाव यादीतून कमी करण्यात येईल. यास अपवाद नाही.’ या सातव्यानं चहाचे सभासद एकेक करून गळाले. मी स्वतः कॉलेजच्या परीक्षांमुळे तीन रविवार आले नाही, तर माझंही नाव गेलं. सचिव मीच असल्यामुळे माझं नाव कमी केल्याची नोंद मलाच करावी लागली. मग दिलगिरीचा अर्ज, त्यावर सरांचा शेरा ‘सहानुभूतीपूर्वक विचार केला’ आणि यादीत पुन्हा प्रवेश. गजूभाऊ म्हणाला, “बरं झालं सर, कारगिलची जागा वाचली. नाही त तिथं एक गादी शिल्लक राह्यली असती.”

सरांचं दुसरं खूळ पूर्वपाहणीचं. शाळेची सहल शेगावला न्यायची तरी आधीच्या आठवड्यात सर एकटे जाऊन नळ किती, सावली कुठे, बस उभी कुठे राहील, हे लिहून आणायचे. “पूर्वपाहणीशिवाय मी लेकरांना पाण्याच्या टाकीजवळही नेणार नाही,” असं ते म्हणायचे आणि खरंच नेत नसत. कारगिलची पूर्वपाहणी परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी ठरवलं की निदान रंगीत तालीम घ्यायची. जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला गजूभाऊच्या साळ्याचं वावर होतं. ग्रहण मार्चमधलं, म्हणून तालीमही मार्चमध्ये. ग्रहण दुपार कलल्यावर, म्हणून तालीमही दुपार कलल्यावर. गेल्या वर्षीची ही गोष्ट.

आता मार्चमध्ये कारगिलला बर्फ असतो आणि आमच्याकडे कुलर लागलेले असतात. पण सरांचं परिपत्रक स्पष्ट होतं : ‘तालीम प्रत्यक्ष स्थितीबरहुकूम घेण्यात येईल. सर्वांनी स्वेटर, मोजे व समितीने दिलेली माकडटोपी परिधान करून यावे.’ आम्ही जीपमधून उतरलो तेव्हा अंगावरून ऊन वाहत होतं. सर स्वतः दोन स्वेटर घालून, वर मफलर, हातात छडी, गळ्यात शिट्टी. गजूभाऊनं माकडटोपी घातली होती आणि तिच्याखाली ओला रुमाल. शामियाना त्यानं आणलाच होता, झालरीसकट. वाटेनं शेळ्या घेऊन जाणारा एक म्हातारा थांबला, आमच्याकडे पाहून त्यानं विचारलं, “काय बाप्पा, कोणाले थंडीताप भरला काय?”

माझी माय त्या दिवशी सोबत होती. पण सभासद म्हणून नाही. सरांनी यादीच्या शेवटी, रेघ मारून, वेगळं लिहिलं होतं : ‘इंदूबाई (सचिवांच्या मातोश्री) : स्वयंपाक साहाय्य.’ मला ते लागलं होतं. मी मायला म्हटलंही, येऊ नको. ती म्हणाली, “येतो व. घरी बसून काय करू? तुह्या सराले एकदा पाहून घेतो, तू रोज त्याच्या नावानं चिडत असते.” ती लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन झाडाखाली भाकरी थापत बसली. माकडटोपी तिला कोणी दिली नव्हती. जीपच्या मागच्या फळीवर काकू बसल्या होत्या, वर्तमानपत्रानं वारा घेत.

सरांनी सगळ्यांना एकेक छापील कागद वाटला. खग्रास अवस्था तीनेक मिनिटांची, तिचं वेळापत्रक. मी ते अजून जपून ठेवलंय. ‘पहिले तीस सेकंद : सूर्याकडे पाहणे. पुढील वीस सेकंद : क्षितिजाकडे पाहणे. पुढील वीस सेकंद : पक्षी व जनावरे यांचे निरीक्षण. पुढील तीस सेकंद : ग्रह व तारे ओळखणे. पुढील वीस सेकंद : भावना व्यक्त करणे (नियम ११ च्या अधीन राहून).’ उरलेला वेळ ‘राखीव’.

शिट्टी वाजली. आम्ही वर पाहिलं. डोळ्यांत घाम उतरत होता. दुसरी शिट्टी, क्षितिज. तिसरी शिट्टी, पक्षी. पक्षी कुठे? एवढ्या उन्हात एक कावळा सोडला तर कोणी बाहेर नव्हतं. शेळ्यांचा म्हातारा आमच्याबरोबर वर पाहत होता, मग त्यानं गजूभाऊला विचारलं, “काय हाय बे वरते?” गजूभाऊ म्हणाला, “आज काई नाही आबा. नऊ वर्षानं हाय.” म्हाताऱ्यानं शेळ्या हाकलल्या.

तेवढ्यात झाडाखालून हसण्याचा आवाज आला. माय हसत होती. हातावर भाकर तशीच.

सर वळले. “इंदूबाई, काही सूचना आहे का?”

“नाही हो सर. सूचना कायची. अंधार पडल्यावर कोणी कागद वाचते का, एवढंच मनात आलं. म्या पाह्यलं तवा मले त माह्यं नाव बी आठवलं नाही.”

“काय पाहिलं तुम्ही?”

“थेच. गिरान. दिवसाची रात झाल्ती ते.”

सरांची छडी जमिनीवर टेकली. “कुठे?”

“कुठं म्हंजे? आपल्याच गावच्या वावरात. निंदून घरी येऊन राह्यलो होतो. हे पोटात होती.” माय माझ्याकडे बोट करत म्हणाली. “डोक्यावर गवताचा भारा, कमरेले इळा. बाकीच्या बाया पुढं निंघून गेल्त्या.”

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. भौतिकशास्त्राची एम.एस्सी. सूर्याचं प्रभामंडल मी परीक्षेत दहा मार्कांना लिहिलं होतं. माय लहानपणी कधी तरी ‘गिरानात होती तू पोटात’ असं म्हणायची, आणि मी ते इतर बायांच्या गप्पांसारखंच कानाआड केलं होतं. शिकल्यापासून मी तिला पुष्कळ काही सांगितलं. विचारलं मात्र काही नाही.

“पण ढग होते,” सर म्हणाले.

“होते ना. पर मावयतीकडं फटलं होतं थोडं. तेवढ्यातच झालं.”

इतक्यात जीपच्या फळीवरून काकू बोलल्या. वर्तमानपत्र खाली ठेवून, अगदी शांतपणे, जणू मीठ कमी आहे असं सांगावं तशा. “आमच्याकडं ढग नव्हते काही. आमच्याकडं वाकय होती. जाड गोधडी, खिडकीले. यायनंच खिये ठोकून लावली होती. मी पोटुशी होतो ना. तीन वाजतापासून दारं लावून बसलो दोघं. पाणी बी पिऊ देल्लं नाही मले. तुळशीपत्र यायनं सोताच्या हातानं टाकलं होतं माठात.”

गजूभाऊनं माकडटोपी काढली. त्याच्या चेहऱ्यावर पंचवीस वर्षांपूर्वीचा आठवीतला पोरगा आला होता. “सर,” तो म्हणाला, “तुम्ही परिपत्रक काढलं होतं. सर्व विद्यार्थ्यांनी चार वाजता मैदानावर हजर राहावे, अंधश्रद्धा झुगारावी. म्या घरी भांडून आल्तो सर. मायनं दोन हाणल्या होत्या. आम्ही चाळीस पोट्टे मैदानात हुभे, वेल्डिंगची काच घेऊन, अन् तुम्ही आलेच नाही. शिपाई म्हणे सर किरकोळ रजेवर हायेत. ढग दाटले त त्यानं पाच वाजता आमाले हाकलून देल्लं. मी घरी जाऊन ढोराच्या कोठ्यात झोपलो. माह्यं हुकलं ना सर, तुमच्यापायी.”

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, तेव्हा वाटलं नाही. तीन वर्षं ज्या वाक्यानं माझी मान खाली गेली होती, ते वाक्य त्या उन्हात दोन स्वेटर घालून उभं होतं आणि त्याला घाम फुटला होता. मी म्हटलं, “सर, आमचे मायबाप अडाणी. त्याला इलाज नाही.”

माय माझ्यावर खेकसली. “गप व! जेवायची येय झाली, चला.” आणि तिनं पहिली भाकर सरांच्या पुढे ठेवली. सरांनी मफलर सोडला, एक स्वेटर काढला, दुसरा काढला. भाकर त्यांनी खाल्ली की नाही ते आठवत नाही. परतीच्या वाटेवर त्यांनी एकही सूचना दिली नाही. जीपचं दार नीट लागलं नव्हतं, त्याबद्दलही नाही.

पुढच्या रविवारी बैठक नव्हती, तरी सर सायकलवर आमच्या घरी आले. हातात समितीचं रजिस्टर. बाप बाहेर गेला होता, मी सुट्टीची घरी होते. मायनं बाज टाकली. सर बसले नाहीत. उभ्यानंच बोलले, आणि पहिल्यांदाच मी त्यांच्या तोंडून शाळेची भाषा सुटलेली ऐकली.

“इंदूबाई, त्याच्या आंधी दोन खेपा आमच्या घरी पाळणा हलता हलता राह्यला होता. आमची माय म्हणे, या खेपेला काही झालं त तुह्या विज्ञानानं भरून दे. मले सगळं पाठ होतं. लिंबू, बल्ब, सगळं. भरवसा नव्हता. दुसऱ्याच्या लेकराईले मैदानात हुभं करताना भरवसा लागत नाही. आपल्याच्या वक्ताले लागते.”

“मंग पोरगी चांगली झाली ना?” मायनं विचारलं.

“चांगली झाली.”

“ही बी चांगलीच झाली. दोन कान, दोन डोये. जीभ तेवढी जास्त झाली.” माय माझ्याकडे पाहून म्हणाली. “बसा हो सर. कायले हुभे राहता? म्या काही हिंमत करून नाही पाह्यलं. सुट्टी नव्हती म्हणून पाह्यलं. मले बी कोणी दार लावून घरात बसवलं असतं त बसलोच असतो.”

सर बसले. रजिस्टर उघडलं, पेनचं टोपण काढलं, आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “सांगता का, कसं होतं?”

मी कधीच न विचारलेला प्रश्न तो. माय जरा लाजली. मग तिनं पदर सावरला आणि सांगायला लागली. हवा थंड झाली, आधी तिला वाटलं पाऊस येऊन राह्यला. बगळे झाडाकडे परतले. वावराच्या धुऱ्यावरची गाय एकदम थांबली. मग पश्चिमेकडून अंधार असा आला, जसं कोणी वावरावरून घोंगडं ओढत आणतंय. भारा खाली टाकायचं तिला सुचलंच नाही. तो डोक्यावर ठेवूनच तिनं ढगाच्या फटीत पाहिलं.

“चुलीवरून तवा उतरवून उलटा केला, का त्याच्या बुडाले कशा ठिनग्या चमकतात? आपून म्हणतो ना, तवा हासला, आता पाहुना येईन. तसा होता सूर्य. उलटा तवा. काया कुट्ट. अन् कडंकडंनं हासून राह्यला होता.”

सर लिहीत होते. मी मागून डोकावले. शाळेत ‘सूर्य उगवतो’ लिहिलं तर ‘पृथ्वी फिरते’ असं लाल शाईनं दुरुस्त करणारा हा माणूस. आता दुरुस्त करील, मग करील, म्हणून मी वाट पाहिली. रजिस्टरमध्ये त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात एवढंच होतं : ‘सूर्य उलट्या तव्यासारखा होता व कडेने हसत होता. — प्रत्यक्षदर्शी, श्रीमती इंदूबाई.’ शेजारी सहीची जागा. मायनं सही केली. सहीपुरतं येत होतं, ते उपयोगी पडलं.

“मग घाबरल्या नाही?” सरांनी विचारलं.

“घाबरलो ना. तेवढ्यात संपलं. पाच-पन्नास मोजाचा बी येळ नव्हता. उजेड आला तवा समजलं का मी रडून राह्यलो.” मग तिनं सरांना विचारलं, “तुम्ही आतमंदी बसून काय केलं हो, तेवढा येळ?”

सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. “वाकळीला एक भोक होतं,” ते म्हणाले. “त्यातून उजेडाचा एक ठिपका भिंतीवर पडला होता. तो बारीक होत होत गेला. मी उठलो अन् ते भोक बोटानं बुजवलं.”

त्या दिवशी यादी नव्यानं लिहिली गेली. रेघेखालचं ‘स्वयंपाक साहाय्य’ खोडलं. क्रमांक एक : श्रीमती इंदूबाई, अनुभवी सभासद व मार्गदर्शक. क्रमांक दोन : सर स्वतः. गजूभाऊ तीन, मी चार, काकू पाच. माय म्हणाली, “मले नका नेऊ त्या बर्फात. म्या पाह्यलं हाय एकदा. माह्या जाग्यावर दुसरं कोणी न्या.” सर म्हणाले, “मार्गदर्शकाशिवाय सहल निघत नाही. नियम तेवीस.” नियम तेवीस नव्हताच. तो त्यांनी तिथेच केला.

वेळापत्रकाचा कागदही बदलला. नव्या कागदावर तीन मिनिटांसाठी एकच ओळ होती : ‘संपूर्ण वेळ राखीव.’

यानंतर सर बदलले वगैरे असं काही नाही. माकडटोप्या धुऊन परत करण्याबाबत त्यांनी दोन स्मरणपत्रं काढली. गजूभाऊचं त्यांच्यावरचं तोंडही बंद झालं नाही. बैठकीला सर दोन मिनिटं उशिरा आले तरी तो म्हणायचा, “आले का सर? म्या म्हटलं किरकोळ रजेवर हायेत.” सर हे मुकाट ऐकून घ्यायचे. एवढा एक फरक पडला. आणि अडाणी हा शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. ऐकला असता तर सोडलं नसतं, हेही त्यांना माहीत असावं.

दिवाळीच्या थोडं आधी सर गेले. सकाळी अंगणात सायकल पुसता पुसता खाली बसले, आणि काकू पाणी घेऊन येईपर्यंत संपलं. मी चिखलीहून पोचले तेव्हा ओसरीत माणसं होती. पुण्याची मुलगी आली होती. तेवीस नियमांची फाइल कपाटावर होती. न्हाणीच्या दाराला आतून तो कागद होता, आधीच्या दिवाळीच्या जावक क्रमांकाचा, त्या वर्षीच्या पावसात न पुसलेला. काकूंनी त्यावर टॉवेल टाकला नव्हता. बादली भरून ठेवली होती.

बैठका आम्ही बंद केल्या नाहीत. बंद करायचं परिपत्रक काढणार कोण? मोजून चार माणसं आम्ही. गजूभाऊ, काकू, मी, आणि चहा करते म्हणून माय. गाद्यांवर बसतो, सरांची जागा मोकळी सोडतो. मागच्या महिन्यात मी रजिस्टर पुढे ओढलं आणि अडचण माझ्या लक्षात आली. सर लागोपाठ तीन बैठकांना नव्हते. नियम सात. यास अपवाद नाही.

“नाव कमी करा लागते,” गजूभाऊ म्हणाला. त्याचा आवाज थट्टेचा निघाला, पण तसा राहिला नाही. “तुह्यं बी केलं होतं सरानं.”

मी पेनचं टोपण काढून बसले होते. खोडायचं म्हणजे एक रेघ मारायची. या माणसावर रेघ मारायची माझी फार दिवसांची इच्छा होती.

मग मी क्रमांक दोनपुढच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : ‘पूर्वपाहणीकरिता पुढे रवाना. कर्तव्यार्थ अनुपस्थित.’ खाली सही, तारीख, जावक क्रमांक. मोठ्यानं वाचून दाखवलं. गजूभाऊनं मान हलवली. काकूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “लिहिलं बरं. नाही त त्याईनं वरून स्मरणपत्र पाठवलं असतं.”

मायनं कप गोळा केले. जाता जाता ती रजिस्टरपाशी थांबली, सरांच्या नावावर तिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, “अजून एक लिही व त्याच्यात.”

“काय?”

“म्हणावं, तिथं तरी दार उघडं ठेवा.”